कुंडीकरांचा चाखण्या

उंदराला उलटी होत नाही, हे मला तायडे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मी पाचवीत होते. बी.एस्सी.च्या पुस्तकात तेच वाक्य सापडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. खरं म्हणजे गुरुजी बरोबर निघाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण त्याच वर्षी बाकीचंही कळलं, आणि आता ते वाक्य आठवलं की आधी आमच्या शाळेचा व्हरांडा आठवतो.

मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण गुरुजींबद्दल कोणीतरी नीट लिहिलं पाहिजे असं मला वाटतं, आणि त्यांच्या वह्या माझ्याकडेच आहेत.

आमचं गाव मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळ, दापोऱ्याच्या पुढे, केळीच्या बागांमध्ये. शाळेत दोन शिक्षक, त्यातले एक गुरुजी. उंचीने बुटके, मनगटं बारीक, शर्टाच्या खिशात झिजून बोटाएवढी उरलेली पेन्सिल. कोणाचीही वही हातात घेतली की उघडायच्या आधी ते तिचा वास घ्यायचे. वासावरून ते सांगायचे की हिने चुलीपाशी बसून लिहिलंय, ह्याच्या दप्तरात लोणचं सांडलंय. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. पोरं त्यांना पाठीमागे ‘चूहा सर’ म्हणायची. एकदा त्यांनी ते ऐकलं, आणि रागवायच्या ऐवजी म्हणाले, “चूहा क्यों, कुंडीकर म्हणा. आडनावाने हाक मारावी, मान राहतो.”

कुंडीकर हे त्यांच्या गोष्टीतले उंदीर. दर शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजी त्यांची गोष्ट सांगायचे. बुऱ्हाणपूरला जमिनीखालून पाणी आणणारी जुनी भुयारं आहेत, वर ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं आहेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गुरुजी म्हणायचे, माणसांनी भुयारं पाण्यासाठी खणली, पण वस्ती उंदरांनी केली. ते उंदीर शहाणे. त्यांना भाषा आहे, कायदा आहे, आणि पाणी किती चढेल हे ते दगडाला कान लावून ओळखतात. आमच्या वर्गातल्या बापूची मोठी इच्छा होती की कुंडीकरांच्या राजाला तलवार असावी. गुरुजींनी ती कधीच दिली नाही. “अरे, त्याचे दात रोज वाढतात. त्याने कुरतडलं नाही तर दात वाढून त्याचं तोंड बंद होईल, उपाशी मरेल तो. त्याला तलवार कशाला?” मग त्यांनी फळ्यावर उंदराचा दात काढला, आणि आम्ही सगळ्यांनी जिभेने आपापले दात तपासले.

आम्ही विचारायचो, ते चांगले की वाईट? गोष्टीतलं कोणी चांगलं की वाईट हे कळल्याशिवाय आम्हाला चैन पडत नसे. गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं. कुंडीकर चांगलेही नसतात, वाईटही नसतात, सावध असतात. बाहेरच्या गोष्टींतले उंदीर चीज चोरतात, त्याची त्यांना चीड होती. म्हणायचे, चीज इथे पाहिलंय कोणी? आपले उंदीर सरकी खातात, केळी खातात, आणि आपल्याला घाबरून खातात.

पण कुंडीकरांचा सगळ्यात मोठा माणूस राजा नव्हता. तो होता चाखण्या. टोळीतला सगळ्यात म्हातारा उंदीर. नवीन काही खायचं सापडलं की चाखण्या आधी कणभर खाणार. मग सगळे थांबणार. मग तो तोंड उघडणार आणि एकेक पिल्लू येऊन त्याच्या तोंडाचा वास घेणार. वास ठीक असला तरच बाकीचे खाणार. “आपल्याला उलटी होते,” गुरुजी म्हणायचे, “म्हणून आपण बेफिकीर. कुंडीकराने एकदा गिळलं की ते बाहेर येत नाही. त्याला दुसरी संधी नाही. म्हणून आधी वास, मग घास, मग विश्वास.” हे आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो.

शाळेतही एक चाखण्या होता, आणि ते गुरुजीच होते. मध्यान्ह भोजन मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चाखायचं, अर्धा तास थांबायचं, मग रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम. गुरुजी ताटली घेऊन व्हरांड्यात बसायचे आणि आम्ही दारातून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. कोणीतरी हळूच म्हणायचं, “वास घेऊ का, सर?”

स्वयंपाक माझी माय करायची. महिलांच्या समूहाकडे ते काम होतं आणि त्यात पुऱ्यांचा हात तिचा. गावात लग्न असो, भंडारा असो, पुऱ्यांना सुमनला बोलवा, असं ठरलेलं होतं. पीठ तिने मळलं तर तेल कमी लागतं, असं बायका म्हणायच्या. तिला याचा अभिमान होता. ती बोलून दाखवत नसे, पण लग्नाच्या आदल्या दिवशी ती नवीन बांगड्या घालायची, जणू लग्न तिच्याच घरचं.

त्या मंगळवारी खीर-पुरी होती. मंगळवारी ती असायचीच. दुपारपर्यंत निम्मी शाळा ओकत होती. मला इतकंच आठवतं की माय मला कवेत घेऊन पळत होती आणि तिच्या पदराला खिरीचा वास होता. आम्हाला बुऱ्हाणपूरला दवाखान्यात नेलं. एक-दोन दिवसांत सगळे घरी आलो. बापूला जास्त दिवस लागले, पण तोही आला. दूध खराब होतं की तेल, हे कधी कळलं नाही.

आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा बाहेरून साहेब आले, चौकशी झाली, आणि मायचं काम गेलं. कागदावर लिहिलं गेलं की स्वयंपाकिणीला सर्दी होती, तिला वास आला नाही, तरी तिने वाढलं. चाखण्याच्या रजिस्टरात गुरुजींची सही होती, म्हणून त्यांना काही झालं नाही. त्यानंतर मायला पुऱ्यांना कोणी बोलावलं नाही. भांडण कोणी केलं नाही, तोंडावर कोणी काही बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. लग्नात आम्ही जेवायला जायचो आणि माय पंगतीत मान खाली घालून दुसऱ्याच्या हातच्या पुऱ्या खायची. मग तेही तिने सोडलं. ती केळीच्या बागेत निंदणीला जाऊ लागली. नवीन बांगड्या पुन्हा मी तिच्या हातात पाहिल्या नाहीत.

शाळेत गुरुजींनी कुंडीकरांची गोष्ट सांगणं बंद केलं. बापूने विचारलं तर म्हणाले, “पाणी चढलंय भुयारात. उतरलं की सांगू.” आमच्या पाचवीचं वर्ष संपलं, पाणी उतरलं नाही.

गुरुजी पुन्हा भेटले ते मी कॉलेजला जाऊ लागल्यावर, बुऱ्हाणपुरातल्या एका वाचनालयात. निवृत्त होऊन ते शहरातच दोन खोल्यांत एकटे राहत होते. मला बघून त्यांनी माझी वही मागितली, वास घेतला आणि म्हणाले, “फॉर्मेलिन. म्हणजे प्राणिशास्त्र घेतलंस.” मला फार बरं वाटलं. कॉलेजात मी कोणाची कोण हे कोणाला माहीत नव्हतं.

ते कुंडीकरांची कादंबरी लिहीत होते. सात वह्या झाल्या होत्या. त्यांना त्या टाइप करून हव्या होत्या आणि मला मोबाईलवर मराठी टाइप करायची सवय होती, म्हणून मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. घरी मायला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने विचारलं, “अजून उंदरायच्या गोष्टी सांगतात का?” मी हो म्हटलं. ती पुन्हा कणीक मळू लागली.

त्यांच्या खोलीत उंदीर होतेच. पिंजरा नव्हता, औषध नव्हतं. घरमालक दारात येऊन म्हणायचे, “मास्साब, आप किराया देते हो, ये लोग नहीं देते. कुछ तो करो.” गुरुजी गंभीरपणे म्हणायचे, बात चल रही है. एकदा मी सांगितलं की आमच्या घरी उंदराचं औषध आणलं तर त्याचं नाव घेत नाहीत, ‘पाहुण्यांचं जेवण’ म्हणतात, कारण उंदीर ऐकतात आणि मग खात नाहीत. गुरुजींनी लगेच ते वहीत लिहिलं. त्यांच्या कादंबरीत माणसांना कुंडीकर ‘बोलके’ म्हणतात. सगळं आधी बोलून टाकणारी जात. गुरुजींना कुंडीकरांचा स्वभाव माणसाच्या उलट करायचा होता. बोलके शब्दावर विश्वास ठेवतात, कुंडीकर श्वासावर. कुंडीकर इतर कशाबद्दलही खोटं बोलू शकतात, वाटेबद्दल, वयाबद्दल, प्रेमाबद्दल. खाण्याबद्दल नाही. तोंडाचा वास लपवता येत नाही.

पुस्तकात मला सापडलं की खरेखुरे उंदीरही एकमेकांच्या तोंडाच्या वासावरून कुठलं अन्न खायचं ते शिकतात. मी धावत जाऊन गुरुजींना सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “मी हे मनाने रचलं होतं. मला वाटलं होतं जगात असं कुठेच नसेल.” त्यांचा चेहरा एखाद्या पकडल्या गेलेल्या माणसासारखा झाला होता. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

त्यांची एक सवय मात्र मी तेव्हाच टिपली होती. कुठेही काही खायला दिलं की ते चिमूटभर तोंडात टाकायचे, ताटली खाली ठेवायचे आणि घड्याळाकडे बघायचे. बिस्किटाचा एक कोपरा खाऊन अर्धा तास. चहाचा एक घोट घेऊन अर्धा तास, मग गार झालेला चहा. मी हसून म्हटलं, गुरुजी, तुम्ही अजून ड्युटीवर आहात. तेही हसले, पण नजर घड्याळावरच होती.

सहावी वही टाइप करताना मी एका वाक्यापाशी थांबले. गोष्टीत पूर आलेला असतो, कुंडीकर उपाशी असतात, आणि कुंडीवरून केळीच्या पानातून काहीतरी खाली पडतं. सगळे चाखण्याकडे बघतात. पुढे गुरुजींच्या बारीक अक्षरात होतं: ‘त्या दिवशी चाखण्याचा उपास होता. त्याने घास तोंडाला लावला नाही, पण सगळ्यांसमोर तोंड उघडलं. त्याच्या तोंडाला नुसत्या भुकेचा वास होता. पिल्लांनी तो विश्वासाचा समजला.’

मी विचारलं, “गुरुजी, उंदरांना उपास असतो?”

खरंच साधं विचारलं होतं मी. मला गोष्टीतली चूक वाटली. ते म्हणाले, “गणपतीचं वाहन आहे. चतुर्थी करत असेल.” आणि चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की आमच्या शाळेतही तुम्ही चतुर्थी करायचा, माय तुमच्यासाठी वेगळी केळी ठेवायची. आणि बोलता बोलताच मला तो मंगळवार आठवला. मंगळवारी चतुर्थी आली की तिला अंगारकी म्हणतात. अंगारकीला गुरुजी चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत.

मी मोबाईल खाली ठेवला. गुरुजींनीच विचारलं, “सुमनताई घरी असते का रविवारी?”

रविवारी ते आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, खिशात तीच छोटी पेन्सिल. माय त्यांना बघून ओट्यावरून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि पाणी दिलं. नंतर न विचारता ताट आणलं. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

“सुमनताई, त्या दिवशी मी चाखलं नव्हतं. अंगारकी होती. तुम्ही म्हणाला होता, गुरुजी, मला सर्दी आहे, दुधाचा वास तेवढा बघा. मी म्हणालो, तुमच्या हातचं म्हणजे ठीकच असणार. आणि सही केली.”

माय म्हणाली, “मले माहीत आहे.”

“चौकशीत मी ते सांगायला हवं होतं.”

“मी सांगितलं होतं की.”

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मग तिनेच सांगितलं. चौकशीच्या दिवशी साहेब बाहेरचे होते, त्यांना आमची बोली समजेना, म्हणून मायचं बोलणं हिंदीत करून सांगायला त्यांनी गुरुजींनाच शेजारी बसवलं होतं. मायने सगळं सांगितलं. मला सर्दी होती, म्हणून मी गुरुजींना वास घ्यायला सांगितला, पण त्यांना अंगारकी होती, त्यांनी चाखलं नाही. साहेबांनी विचारलं, क्या कह रही है? आणि गुरुजी म्हणाले, “कह रही है, सर्दी थी, सूँघ नहीं पाई।”

गुरुजींनी मान खाली घातली. म्हणाले, “मी खोटं बोललो नाही. अर्धंच बोललो. मला वाटलं तुम्हाला कळलं नसेल.”

माय शांतपणे म्हणाली, “मले हिंदी बोलता येत नव्हती, गुरुजी. समजत होती.”

मला वाटलं माय रडेल, किंवा मी तरी रडेन. तसं काही झालं नाही. मला गुरुजींचा फार राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या हातातला तो भाकरीचा तुकडा बघवत नव्हता. शेवटी ते म्हणाले, मी माफी मागायला आलोय. माय म्हणाली, “मले कायले सांगता? मले तर तेव्हापासून माहीत आहे. ज्यांले माहीत नाही त्यांले सांगा.” मग ताटाकडे बघून म्हणाली, “जेवायचं असलं तर जेवा, नाहीतर झाकून ठेवते.”

ते जेवले. चिमूटभर चाखणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही, सरळ मोठा घास घेतला आणि सगळं ताट संपवलं. मग उठून मोरीत गेले आणि आपलं ताट आपण धुतलं. मायने त्यांना थांबवलं नाही.

गुरुजींनी आधी अर्ज लिहिला. हिंदीत, पूर्ण लिहिला, आणि शिक्षण विभागात नेऊन दिला. तिथल्या बाबूंनी सांगितलं, मास्साब, वो फाइल बंद हो गई, आप भी रिटायर हो गए, अब किसको क्या मिलेगा? मग ते आमच्या गावच्या भंडाऱ्याला आले आणि पंगत बसायच्या आधी उभे राहून बोलायला लागले. पण लाऊडस्पीकर चालू होता. पुढच्या दोन-चार जणांनी ऐकलं असेल. एका म्हाताऱ्याने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाला, जाऊ द्या गुरुजी, जुनी गोष्ट आहे, प्रसाद घ्या. मागून कोणीतरी हसून म्हणालं, चूहा सर भूखे हैं. मी तिथे होते. माय नव्हती.

त्या शनिवारी त्यांनी मला सातवी वही दिली. शेवटचं प्रकरण कोरं होतं. मी विचारलं, चाखण्याचं पुढे काय होतं? ते म्हणाले, बोलक्यांसारखं त्याने वरून ओरडून सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही. “कुंडीकरांत तसं चालत नाही. तिथे प्रत्येकाजवळ जाऊन तोंड उघडावं लागतं.”

मी ते फक्त गोष्टीपुरतं समजले.

ते आता मुलीकडे नाशिकला असतात, गुडघे फार दुखतात, फोनवर आवाज बारीक येतो. वह्या मी टाइप करून संपवल्या आहेत, शेवटचं प्रकरण सोडून. ते मी लिहावं असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. मायला अजून कोणी पुऱ्यांना बोलावलेलं नाही, हेही मला लिहिलं पाहिजे, नाहीतर हेसुद्धा अर्धंच होईल.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. सोमवारची सकाळ होती, मी कॉलेजला जायला ऑटोत बसले होते. मुलीकडे जायच्या आधी गुरुजी चार दिवस रोज पहिल्या बसने आमच्या गावात येत होते आणि आमच्या गल्लीच्या टोकापासून एकेक घर घेत होते. जी पोरं त्या दिवशी दवाखान्यात होती त्यांची घरं आधी. ऑटो बापूच्या घरावरून गेली तेव्हा ते त्याच्या दारात उभे होते. चपला पायरीखाली नीट जोडून ठेवलेल्या. बापूची आई पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्यावर उभी होती. गुरुजी काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण ती थोडी पुढे वाकून ऐकत होती, आणि ते तिच्या अगदी जवळ उभे होते, वास येईल इतके जवळ.